रानपिंगळ्याच्या पायातील चिठ्ठी

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा बोनस, महागाईभत्ता किंवा जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांविषयी चार शब्द ऐकायला मिळतील, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो घुबडाचा. चालक भले गृहस्थ, म्हणून हसले नाहीत. परंतु आमचे आयुष्य हजेरीपट आणि पगाराच्या चिठ्ठ्या तपासण्यात गेले आहे, आणि या घुबडाची सारी कथा एका चिठ्ठीभोवती फिरते. तेव्हा आम्ही आमचा प्रांत सोडला, असे कोणी समजू नये.

पिंगळा आपणां सर्वांच्या ओळखीचा. गावकुसाच्या चिंचेवर, पडक्या वाड्याच्या भिंतीत राहणारा, तिन्हीसांजेला किचकिचाट करणारा, डोक्यावर पांढरे ठिपके असलेला. पहाटे दारोदार भविष्य सांगत हिंडणाऱ्या पिंगळा जोशालाही याचेच नाव मिळाले. आजची कथा मात्र त्याच्या चुलतभावाची, रानपिंगळ्याची आहे. हाही वीतभर उंचीचा, वाटोळ्या तोंडाचा, पिवळ्या डोळ्यांचा. पण याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पंख-शेपटीवर ठसठशीत पट्टे असतात, आणि पाय अंगाच्या मानाने चांगले दणकट. घुबड असून हा दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर उन्हात बसतो. सरडे, उंदीर, नाकतोडे पकडून खातो. शेपटी डावी-उजवीकडे झटकीत तो बसला, म्हणजे एखादा गुबगुबीत पोरगा रुसून बसला आहे असेच वाटावे.

१८७२ साली ब्लेविट नावाच्या साहेबाने आजच्या छत्तीसगडातील बसना-फुलझरच्या भागात हा पक्षी प्रथम मिळविला. १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून त्यास ब्लेविटचे नाव दिले, ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. होय, १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम! मिळविणाऱ्याचे नाव मिळविलेल्या वस्तूस देण्याची ही रीत आम्हांस आवडते. कापसाच्या गाठीवर आजवर कोणी रेचावाल्याचे नाव घातलेले आम्ही पाहिले नाही.

पुढे १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत जेम्स डेव्हिडसन या खानदेशातील मुलकी अधिकाऱ्याने शहाद्याच्या बाजूस आणखी काही रानपिंगळे मिळविले. त्या काळची पद्धत अशी की, पक्षी मारावा, कातडी सोलावी, आत कापूस भरून शिवावी, आणि पायास चिठ्ठी बांधावी. त्या चिठ्ठीवर स्थळ, तारीख आणि मिळविणाऱ्याचे नाव. चिठ्ठी नसेल तर तो पक्षी म्हणजे नुसती पिसांची पुरचुंडी. शास्त्राच्या दरबारात त्याची साक्ष चालत नाही. डेव्हिडसनचे पक्षी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. १८८४ नंतर रानपिंगळा मिळाल्याची खरी नोंद नाही.

खरी नाही, खोटी होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा इंग्रज लष्करातला कर्नल, पक्षिशास्त्रात मोठा दबदबा असलेला. १९५४ साली त्याने म्युझियमला आपला सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह दिला. त्यात एक रानपिंगळा होता आणि चिठ्ठीवर लिहिले होते, १९१४, तापीकाठचे मांडवी, गुजरात. कर्नलसाहेबांच्या शब्दावर कोण शंका घेणार? तीस वर्षांनंतरची नोंद म्हणून ती पुस्तकांतून गेली. सालिम अली आणि अमेरिकेचे रिप्ली यांच्यासारख्यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला. हाती काही लागले नाही. पक्षी नामशेष झाला असावा, असे बोलले जाऊ लागले.

येथे आमच्या अनुभवातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. एका जिनातील म्हातारा कामगार बावीस हंगाम राबून घरी बसला. ग्रॅच्युइटीच्या वेळी त्याचे नाव हजेरीपटावर मिळेना; त्याच्या जागी मुकादमाच्या भाच्याचे नाव. आम्ही महिनाभर दप्तर चाळले. अखेर जुन्या पटावरचा अंगठा उपयोगी पडला. नाव खोडता आले, अंगठा खोडता आला नाही.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील पामेला रासमुसेन या बाईंनी नेमके हेच केले. माइनर्ट्झहागेनच्या संग्रहाविषयी संशय उत्पन्न झालाच होता. त्यांनी मांडवीच्या रानपिंगळ्याची क्ष-किरणांनी तपासणी केली. कापूस भरण्याची, कातडी शिवण्याची प्रत्येकाची धाटणी निराळी असते. आमच्याकडील बाया दुसरीच्या हातची गोधडी टाक्यांवरून ओळखतात, तसेच ते. वरवर पुन्हा शिवलेल्या त्या पक्ष्यात डेव्हिडसनचा हात सापडला! कर्नलने म्युझियममधूनच डेव्हिडसनचा पक्षी उचलला होता, उसवून पुन्हा भरला होता, आणि आपल्या नावाची चिठ्ठी बांधून दान म्हणून परत दिला होता. १९९९ साली रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी 'आयबिस' या नियतकालिकात हे प्रकरण सविस्तर मांडले.

चोरी एका मेलेल्या पक्ष्याची. तिचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. पण चिठ्ठीवर चुकीचे गाव आले, म्हणजे शोधणाराही चुकीच्या गावी जातो. रासमुसेनबाईंनी मांडवीचे नाव यादीतून काढून टाकले आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे धरली. १९९७ च्या नोव्हेंबरात बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह त्या आधी छत्तीसगडच्या बाजूस हिंडल्या. तेथे निराशा झाली. मग खानदेशात शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आल्या. २५ नोव्हेंबरच्या सकाळी निष्पर्ण झाडावर, भर उन्हात, तो बसलेला होता. डोक्यावर ठिपके नाहीत, पाय दणकट. मध्ये ११३ वर्षे गेली होती. डेव्हिडसनने लिहिलेले गाव मात्र जागेवर होते.

त्यानंतर हा पक्षी मेळघाटात सापडला, २०१४ मध्ये तानसाच्या जंगलात सापडला. आज ठाऊक असलेल्यांत सर्वांत मोठी वस्ती मेळघाटची. तरीही एकंदर संख्या हजाराच्या आतच धरतात. झाडाच्या ढोलीत घर करणारा हा प्राणी. जुने झाड तुटले की बेघर होतो. २०१८ साली त्याचे नाव 'अतिसंकटग्रस्त' या वर्गातून 'संकटग्रस्त' या वर्गात आले, ते अधिक ठिकाणी सापडला म्हणून.

आपल्या संग्रामपूर तालुक्यातील अंबाबारवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पातच मोडते. हे समजल्यावर आम्हांला घरी बसवेना. गेल्या माघात संघटनेच्या दोघा सोबत्यांना घेऊन सोनाळ्याकडून गेलो. सकाळी नऊच्या सुमारास सालईच्या उघड्या फांदीवर वीतभर आकृती दिसली. सोबती म्हणाले, "दादा, हाच तो! लिहा, व्याख्यानात सांगायला होईल." दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिले. मग वहीत तारीख घातली, जागा लिहिली आणि पुढे लिहिले : साधा पिंगळा, डोक्यावर ठिपके होते.