पालेर्मोच्या टाळेबंदीतला चित्रकार

२०२०च्या टाळेबंदीत एक निरोप बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. न्यूटनने प्लेगच्या सुट्टीत गुरुत्वाकर्षणाचा विचार केला, शेक्सपिअरने प्लेगच्या काळात ‘किंग लिअर’ लिहिले. मग तुम्ही घरी बसून काय करता आहात? त्या निरोपात इतिहास थोडा होता, टोमणाच अधिक. साथ म्हणजे जणू प्रतिभावंतांना मिळालेली भरपगारी रजा, असा त्याचा एकूण सूर होता.

साथीत अडकलेल्या कलावंताचे प्रत्यक्षात काय होते, हे पाहायचे तर एका माणसाचे एक वर्ष जवळून पाहावे लागते. आजच्या थ्रेडसाठी मी निवडलेला माणूस पंचवीस वर्षांचा आहे, परदेशात आहे, आणि त्याला काम देणारा आश्रयदाता लवकरच मरणार आहे. त्याचे नाव अँथनी व्हॅन डाइक.

व्हॅन डाइकचा जन्म १५९९ मध्ये अँटवर्पला झाला. विशीत येण्यापूर्वीच तो रूबेन्ससारख्या मातब्बर चित्रकाराचा उजवा हात होता. १६२१ मध्ये तो इटलीला गेला, जेनोवाला मुक्काम केला आणि तिथल्या श्रीमंत घराण्यांची व्यक्तिचित्रे रंगवू लागला. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स, त्याचे ते प्रसिद्ध राजदरबारी चित्रण, ‘सर’ ही पदवी, हे सारे नंतरचे. १६२४च्या वसंतात तो केवळ एक होतकरू, महत्त्वाकांक्षी आणि उत्तम कपड्यांचा शौक असलेला तरुण होता.

त्या वसंतात त्याला सिसिलीहून बोलावणे आले. सिसिली तेव्हा स्पेनच्या राजाच्या ताब्यात होती आणि राजाचा प्रतिनिधी म्हणून पालेर्मोत व्हाइसरॉय बसत असे. त्या वेळचा व्हाइसरॉय सव्हॉय राजघराण्यातला एमान्युएले फिलिबेर्तो. आईकडून तो स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचा नातू. त्याला आपले चित्र काढून हवे होते. व्हॅन डाइकने ते काढले. सोनेरी नक्षीचे चिलखत, मानेभोवती पांढरी शुभ्र कॉलर, चेहऱ्यावर जन्मजात अधिकाराचा शांत भाव. हे चित्र आज लंडनच्या डलिच संग्रहालयात आहे आणि चित्रातले ते चिलखत माद्रिदच्या राजशस्त्रागारात अजून जपलेले आहे. चित्र आणि चिलखत शेजारी ठेवले, तर व्हॅन डाइकने धातूवरची चमक किती बारकाईने पाहिली होती ते कळते.

काम झाले, मोबदला मिळाला, परत जावे, असा सरळ बेत असणार. मे महिन्यात ट्युनिसहून एक जहाज पालेर्मोच्या बंदरात लागले. त्यावर खंडणी देऊन सोडवलेले ख्रिस्ती कैदी होते, भेटवस्तू होत्या आणि प्लेगही होता.

पुढचा क्रम आपल्याला ओळखीचा वाटेल. आधी कुजबुज, मग नकार, मग एकदम सगळे बंद. शहराच्या वेशींवर पहारे बसले, बंदरातली ये-जा आवळली, आजाऱ्यांना वेगळे काढण्यात आले, संशयित कपडालत्ता जाळला गेला. व्हॅन डाइक आत राहिला. त्याच्यासाठी पालेर्मोच आता घर होते आणि कारखानाही.

पोर्ट्रेट रंगवणाऱ्या चित्रकाराचा धंदा साथीत का बुडतो, याचा क्षणभर विचार करा. त्याला समोर माणूस बसलेला लागतो, तोही तासन्‌तास, एकाच खोलीत. बसायला येणारा श्रीमंत असावा लागतो, आणि साथीत श्रीमंत माणूस सर्वांत आधी गावाबाहेरच्या बंगल्यात निघून जातो. मागे राहिलेल्यांना स्वतःचा चेहरा भिंतीवर लावण्याची घाई नसते. थोडक्यात, व्हॅन डाइक ज्या कलेत पारंगत होता, तिचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले.

या काळातली एक भेट मात्र त्याच्या वहीत टिपलेली आहे. ही वही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तारीख १२ जुलै १६२४. त्या दिवशी तो सोफोनिस्बा अंग्विसोला या वृद्ध चित्रकर्तीच्या घरी गेला.

ही बाई कोण? १५३२च्या सुमारास क्रेमोनात जन्मलेली, आणि स्त्रियांना चित्रशाळेची दारे बंद असलेल्या काळात युरोपभर नाव कमावलेली. १५५९ मध्ये ती स्पेनच्या दरबारात गेली आणि राणी एलिझाबेथ ऑफ व्हॅल्वाची सखी व चित्रकलेची शिक्षिका झाली. हीच राणी व्हाइसरॉय एमान्युएले फिलिबेर्तोची आजी. म्हणजे व्हॅन डाइकने ज्याचे चित्र नुकतेच काढले होते, त्याच्या आजीला या वृद्धेने हातात कुंचला धरायला शिकवले होते.

व्हॅन डाइकने तिचे वय ९६ लिहिले आहे. प्रत्यक्षात ती बहुधा ९२च्या आसपास होती. तिचे रेखाचित्र काढून त्याच्याभोवती त्याने इटालियनमध्ये टिपण लिहिले. दृष्टी जवळजवळ गेलेली, पण स्मरण आणि बुद्धी तल्लख. चित्र समोर ठेवले, की नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन ती ते पाहण्याचा यत्न करी. हात अजून कापत नव्हता. डोळे गेल्यामुळे रंगवता येत नाही, हेच तिला आयुष्यातले सर्वांत मोठे दुःख वाटत होते.

आणि तो तिचे चित्र काढत असताना तिने त्याला सूचना दिली! प्रकाश फार उंचावरून घेऊ नकोस, नाहीतर सुरकुत्यांतल्या सावल्या गडद होतील. यात म्हातारीचा नखरा असेल, धंद्यातले ज्ञानही असेल. मला तरी दोन्ही दिसतात. प्लेगच्या शहरात, एका घरात, एक जवळजवळ आंधळी चित्रकर्ती एका तरुणाला प्रकाश कुठून घ्यावा हे सांगते आहे आणि तो ते वहीत लिहून घेतो आहे. ती पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १६२५ मध्ये वारली.

या भेटीनंतर तीनच दिवसांनी, १५ जुलैला, पालेर्मोलगतच्या मॉन्ते पेल्लेग्रीनो डोंगरावरच्या गुहेत काही हाडे सापडली. ती सांता रोझालियाची, अशी बातमी शहरभर पसरली. रोझालिया ही बाराव्या शतकातली. परंपरेनुसार मोठ्या नॉर्मन घराण्यातली मुलगी, जी घरदार सोडून डोंगरात एकांतवासाला गेली. पालेर्मोच्या आधीच्या चार संरक्षक संत होत्या: अगाथा, क्रिस्तीना, निन्फा आणि ओलिव्हा. साथीपुढे त्यांचे काही चालेना, आणि आता ही पाचवी, अगदी आपल्याच डोंगरावरची, आपणहून प्रकट झालेली.

३ ऑगस्टला व्हाइसरॉय स्वतः प्लेगने गेला. व्हॅन डाइकचा आश्रयदाता, पालेर्मोत असण्याचे त्याचे कारणच संपले. सत्तेची सूत्रे कार्डिनल जानेत्तिनो दोरिया याच्याकडे आली. शहराचा आर्चबिशपही तोच, आणि घराणे जेनोवाचे. त्याने हाडांच्या तपासणीसाठी वैद्य आणि धर्मपंडित बसवले. निर्णय यायला फेब्रुवारी १६२५ उजाडले. लोकांनी मात्र निर्णयाची वाट पाहिली नाही. त्यांना रोझालिया हवी होती आणि ती डोळ्यांना दिसायला हवी होती.

अडचण अशी, की रोझालिया दिसते कशी हे कुणाला नीट माहीत नव्हते. मोठ्या संतांची ओळख पटवणारी चिन्हे शतकानुशतके ठरलेली असतात. कुणाच्या हाती चाक, कुणाच्या हाती किल्ल्या. जिची पूजा आजवर मर्यादित होती तिला अचानक साऱ्या शहराची त्राती व्हायचे होते, आणि तिच्यासाठी रूप घडवायचे होते. स्थानिक चित्रकार व्हिन्चेन्झो ला बार्बेरा याने त्याच वर्षी तिचे चित्र काढले. मान पहिला त्याचा. पण जगाच्या डोळ्यांत जी रोझालिया राहिली ती मुख्यतः व्हॅन डाइकची.

त्याने काय केले ते पाहा. अंगावर संन्याशिणीचे तपकिरी जाडेभरडे वस्त्र, पाठीवर मोकळे सोडलेले सोनेरी केस, जवळ कवटी: ही सामग्री त्याने मेरी मॅग्दलिनच्या चित्रांतून उचलली. आकाशाकडे झेपावणारी आकृती आणि भोवती बाळदेवदूतांचा घोळका ही रचना मेरीच्या स्वर्गारोहणाच्या चित्रांतली, जी तो रूबेन्सकडे कोळून प्यायला होता. नावात गुलाब आहे म्हणून डोक्यावर गुलाबांचा मुकुट. आणि खाली, पायांशी, पालेर्मोचे बंदर आणि मॉन्ते पेल्लेग्रीनोचा ओळखू येणारा कडा. प्रार्थनेला आलेल्या माणसाला स्वतःचे गाव तिच्या पायांखाली दिसे.

या विषयावरची त्याची पाचएक चित्रे आज न्यूयॉर्क, ह्यूस्टन, माद्रिद, लंडन, पोर्तो रिको अशी विखुरलेली आहेत. त्यांत एकाच कल्पनेची उलटसुलट मांडणी दिसते. ही नव्या प्रयोगांची मालिका नव्हे. मागणी आहे, वेळ थोडा आहे, समोर बसायला माणूस नको, एक चांगला साचा सापडला आहे; तो थोडा फिरवून पुन्हा वापरावा, असा हा हिशेब. समोरच्या माणसाचे निरीक्षण हे ज्याचे बळ, तो आता स्मरणातून आणि जुन्या साच्यांतून काम करू लागला. अडचणीतल्या कारागिराने असेच वागायचे असते, आणि त्यातून या दर्जाचे काम झाले याचे श्रेय त्याच्या तालमीला आहे.

यातल्या न्यूयॉर्कच्या चित्राची कथा सर्वांत चटका लावणारी. मेट्रोपॉलिटन म्युझियमने आपली अगदी पहिली मोठी खरेदी केली, १७४ चित्रांची, १८७१ मध्ये नोंदवलेली; तीत हे चित्र होते. गंमत अशी, की तेव्हा ते सांता मार्थाचे म्हणून आले. शहर, प्लेग, प्रार्थना करणारी स्त्री, एवढे जुळत होते. रोझालियाची ओळख नंतर पटली.

पुढे त्याचा क्ष-किरणांनी तपास झाला, तेव्हा रोझालियाच्या खाली एक चेहरा सापडला. तो व्हॅन डाइकचा स्वतःचा. अर्धवट सोडलेल्या आत्मचित्रावर त्याने संत रंगवली होती.

का? त्याने कुठे लिहून ठेवलेले नाही. कॅनव्हास पुन्हा वापरणे ही त्या काळची सर्रास प्रथा होती, त्यामुळे यातून फार मोठे नाट्य काढू नये. तरी बंदर आवळलेल्या शहरात ताणून तयार ठेवलेला कॅनव्हास मौल्यवान असणार, हा तर्क रास्त आहे. आणि तरुण चित्रकार आत्मचित्र कशासाठी काढतो? हौसेसाठी, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला आपले कसब दाखवण्यासाठी. येणारे गिऱ्हाईकच उरले नव्हते. घरात जो कॅनव्हास होता, त्यावर जे खपणार होते ते त्याने रंगवले.

मार्च २०२० मध्ये हेच चित्र म्युझियमच्या १५०व्या वर्धापनाच्या प्रदर्शनात लागायचे होते. १३ मार्चला म्युझियम बंद झाले. प्लेगमध्ये अडकून काढलेले चित्र नव्या साथीत कुलूपबंद इमारतीत राहिले आणि प्रदर्शन २९ ऑगस्टला उघडले.

आता एक वादाचा मुद्दा. सतराव्या शतकातला चरित्रकार बेलोरी सांगतो, की प्लेग आला, व्हाइसरॉय गेला आणि व्हॅन डाइक जवळजवळ पळ काढल्यासारखा पालेर्मोहून निघाला. दीर्घकाळ हेच मानले जाई. अलीकडच्या संशोधनाने चित्र बदलले आहे: तो १६२५च्या उत्तरार्धापर्यंत तिथेच होता. म्हणजे ९ जून १६२५ रोजी रोझालियाच्या अस्थींची भव्य मिरवणूक निघाली, तेव्हाही तो शहरात होता. बेलोरीची कथा का टिकली, हेही समजण्यासारखे आहे. दरबारी, देखण्या, रेशमी वस्त्रांतल्या व्हॅन डाइकच्या प्रतिमेत प्लेगच्या शहरात वर्षभर चिकाटीने काम करणारा माणूस बसत नाही.

एक मात्र सांगायला हवे. रोझालियाच्या मिरवणुकीने साथ संपली ही श्रद्धा आजही पालेर्मोत जिवंत आहे आणि दर जुलैमध्ये तिचा उत्सव धूमधडाक्यात होतो. पण सिसिलीत प्लेग १६२६ पर्यंत रेंगाळला. गर्दी टाळायची की देवाला शरण जाण्यासाठी एकत्र यायचे, हा पेच त्या शहराला शेवटपर्यंत सुटला नाही.

व्हॅन डाइकला रोझालिया पुढेही उपयोगी पडली. अँटवर्पला परतल्यावर १६२९ मध्ये तिथल्या जेझुइटांशी संलग्न अविवाहित पुरुषांच्या मंडळासाठी त्याने तिचे मोठे चित्र केले. ते आता व्हिएन्नात आहे. सिसिलीच्या डोंगरावरची संत फ्लँडर्सच्या वेदीवर पोहोचली, त्यात त्याच्या त्या वर्षाचा वाटा होता.

पालेर्मोसाठी त्याने ठरवलेले सर्वांत मोठे काम म्हणजे सान दोमेनिकोजवळच्या रोझारियो प्रार्थनागृहाचे वेदीचित्र. तिथे ठरलेले हे काम त्याने जेनोवात जाऊन पूर्ण केले आणि १६२८ मध्ये त्याचा हिशेब चुकता झाला. वर मेरी आणि बाळ येशू, खाली संत डॉमिनिक आणि पालेर्मोच्या संरक्षक संत स्त्रिया. रोझालिया आता त्यांच्यातच उभी. पण नजर जाते ती सगळ्यांत खाली, जमिनीलगत. तिथे एक लहान उघडा मुलगा आहे, शेजारी कवटी पडली आहे, आणि त्या मुलाने हाताने नाक घट्ट दाबून धरले आहे.

ते चित्र आजही त्याच भिंतीवर आहे.