रुमालाखालचा सौदा

नांदेडास 1900 च्या सुमारास गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग आला, लातुरास 1911 साली बार्शी लाइट रेल्वे पोचली, आणि 1917 साली तेथेच गंजगोलाईची बाजारपेठ उभी राहून तिच्या वर्तुळातून सोळा रस्ते फुटले, तेव्हा मराठवाड्याच्या मोंढ्यांना, म्हणजे धान्यबाजारांना, जे वैभव प्राप्त झाले त्याच्या पोटात एक जुनी रीत दडलेली होती. अडत्या व खरेदीदार समोरासमोर उकिडवे बसत, दोघांच्या हातांवर एक मळका रुमाल पडे, आणि त्याखाली बोटांच्या दाबादाबीने भाव ठरे. ज्याची ज्वारी तो कास्तकार मात्र चार हातांवर उभा राहून हलणाऱ्या फडक्याकडे पाहत असे. या रीतीस हत्ता म्हणत.

पुढे अडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशी वजावट होऊन पैसा हाती पडे तो निजामाच्या हाली शिक्क्यात. इंग्रजी मुलखात देणे असल्यास सात हालीला सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हा हिशेब, शिवाय सराफाचा बट्टा निराळा. या आकडेमोडीत लूट झाली तरी ती उघड असल्याने तिच्यावरून भांडता येई. रुमालाखालच्या भावाविषयी भांडावयास पुरावाच उरत नसे.

फसली 1339 मध्ये, म्हणजे 1930 साली, निजाम सरकारने शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला, आणि बोली चारचौघांत उच्चारण्याची रीत क्रमाक्रमाने रुजली. आज सोयाबीनचा सौदा उघड निघतो.

परंतु तोच कास्तकार घरी परतला की फोन खणाणतो: बोलणारा स्वतःस पोलीस अधिकारी म्हणवितो, आपल्या नावच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले असून आपणांस ‘डिजिटल अरेस्ट’ झाली आहे असे सांगतो, आणि दार लावून घ्या, घरात कोणास कळू देऊ नका, अशी ताकीद देतो. असली अटक कोणत्याही कायद्यात नाही. पण कायदा जाणणारे निवृत्त अधिकारीही फसतात, कारण खरा डाव त्या ताकिदीत असतो. रुमाल पुन्हा पडलेला असतो.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक 1930 आहे, हा निव्वळ योगायोग, तथापि मराठवाड्याच्या माणसाने तो साल म्हणून लक्षात ठेवावा. तक्रार जितक्या लवकर जाईल तितका रक्कम मधल्याच खात्यात गोठण्याचा संभव अधिक. मात्र पैसे पाठविण्यापूर्वीच फोन ठेवून, ओट्यावर येऊन, ती सारी हकीकत मोठ्याने सांगितली, तर ऐकणाऱ्यांपैकी कोणी तरी हसतोच.