अजितचे लग्न का होत नाही?

२०२०च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि दूरदर्शनने आपल्या संग्रहातून 'ब्योमकेश बक्शी' पुन्हा दाखवायला घेतली. बासू चॅटर्जी यांची ही हिंदी मालिका प्रथम १९९३ साली आली, तिचे दुसरे पर्व १९९७ साली. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित आणि सत्यवतीच्या भूमिकेत आपल्या सुकन्या कुलकर्णी. तेव्हा आम्ही शाळकरी होतो. आमच्यापैकी एकीच्या सदरमधल्या घरी सारे मिळून ती पाहत. ब्योमकेशचे लग्न झाले त्या रात्री आत्याने विचारले होते, "अन् या अजितचं लगन काहून नाही करून देत?" कुणीच उत्तर दिले नाही. आत्यालाही उत्तर नको होते. घरातला एक मुलगा मार्गी लागला की दुसऱ्याचे बघायचे, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ होता.

पुन्हा हा प्रश्न समोर आला तो टाळेबंदीतल्या ऑनलाइन तासाला. 'निवेदक आणि दृष्टिकोण' हा घटक शिकवत होतो, आणि सगळेच मालिका पाहत असल्यामुळे अजितचे उदाहरण घेतले होते. एका विद्यार्थ्याने लिहिले, "अजितचे ब्योमकेशवर प्रेम आहे असे वाचले तर चूक ठरेल का?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. आम्हीही हसलो आणि 'मूळ मुद्द्याकडे वळू' म्हणून पुढे गेलो. मूळ मुद्दा तोच होता, हे कळायला आम्हांला फार वेळ लागला.

गुप्तहेरकथेतला सोबती हा आधी तंत्राची गरज म्हणून जन्मला. उकल करणाऱ्याच्या डोक्यात काय चालले आहे हे वाचकाला शेवटपर्यंत कळता कामा नये. म्हणून कथा सांगणारा दुसरा हवा, आणि तो चार पावले मागे राहणारा हवा. एडगर ॲलन पोने १८४१ साली द्युपाँ घडवला तेव्हाच त्याच्यासाठी असा एक अनाम मित्रही घडवला. हे दोघे पॅरिसमधल्या एका जुनाट घरात एकत्र राहतात, दिवसा खिडक्या लावून घेतात आणि रात्री हातात हात अडकवून शहरभर हिंडतात. सहनिवास, एकांत आणि एकाची दुसऱ्यावर खिळलेली नजर हे तिन्ही घटक या प्रकारात पहिल्या कथेपासूनच आहेत. निवेदकाला नायकाकडे सतत पाहावे लागते. त्याची बोटे, त्याची चाल, त्याचे मौन नोंदवावे लागते. एरवी असे निरखणे आपण प्रेमकथेतच वाचतो. तंत्रासाठी आणलेल्या नजरेत माया कधी उतरली, हे बहुधा लेखकालाही सांगता येऊ नये.

होम्स आणि वॉटसन १८८७ साली आले. त्याआधी दोनच वर्षे, १८८५ साली, इंग्लंडमध्ये पुरुषा-पुरुषांमधल्या शरीरसंबंधांना अधिक व्यापकपणे गुन्हा ठरवणारे कलम मंजूर झाले होते. १८८९ साली लंडनमधल्या एका भोजनाच्या वेळी अमेरिकेतल्या 'लिपिनकॉट्स' मासिकाच्या संपादकाने दोन लेखकांकडून कादंबऱ्या कबूल करून घेतल्या. कॉनन डॉयलने 'द साइन ऑफ फोर' दिली, ऑस्कर वाइल्डने 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे'. पहिलीत वॉटसनचे लग्न ठरते. दुसरीतले उतारे १८९५ साली वाइल्डविरुद्ध न्यायालयात वाचले गेले. एकाच टेबलावरून उठलेल्या या दोन पुस्तकांपैकी एकात लग्न येते, हा योगायोगच. पण वॉटसनची बायको पुढच्या कथांत किती सहज बाजूला होते ते पाहण्यासारखे आहे. डॉयलला दोघे बेकर स्ट्रीटच्या त्याच खोल्यांत हवे होते. १९२४ साली छापल्या गेलेल्या 'थ्री गॅरिडेब्स'मध्ये वॉटसनला गोळी लागते, आणि होम्सच्या थंड मुखवट्यामागची ओढ त्याला क्षणभर दिसते. त्या एका परिच्छेदावर चाहत्यांच्या पिढ्या पोसल्या आहेत.

चाहत्यांची ही शंका आजची नव्हे. अमेरिकी रहस्यकथाकार रेक्स स्टाउट यांनी १९४१ साली होम्सभक्तांच्या मेजवानीत गमतीने सिद्ध केले की वॉटसन ही बाई होती, आणि होम्सची बायको होती. विनोदालाही आधी वॉटसनची बाई करावी लागली! पुढे १९७०च्या दशकात 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, कर्क आणि स्पॉक यांच्या प्रेमाच्या कथा लिहिल्या, तेव्हा तो आडपडदा गळून पडला. दोन नावांमधल्या तिरक्या रेघेवरून त्या लेखनाला 'स्लॅश' हे नाव पडले.

दूरचित्रवाणीने या वाचनाला बळ दिले, याचे कारण आमच्या मते साधे आहे. पडद्यावर निवेदक उरत नाही, उरतो त्याचा चेहरा. वॉटसन शब्दांत जे कौतुक करत असे ते आता नुसत्या पाहण्यात येते, आणि पाहण्याचा अर्थ लावायला प्रेक्षक मोकळा असतो. ग्रॅनडा कंपनीच्या १९८४ ते १९९४ या काळातल्या जेरेमी ब्रेटच्या मालिकेने वॉटसनचे लग्नच गाळले. मेरी येते आणि निघून जाते. बीबीसीच्या 'शेरलॉक'ने (२०१० ते २०१७) उलट वाट धरली. घरमालकीणबाईंपासून सगळे या दोघांना जोडपे समजतात, जॉन चिडून नकार देतो, आणि हाच विनोद पुनःपुन्हा येतो. पुष्कळ चाहते यावर रागावले, आणि तो राग आम्हांला रास्त वाटतो. शक्यता दाखवून तिच्यावर हसू आणायचे, हे आमच्या त्या तासापेक्षा फार वेगळे नव्हते.

ब्योमकेशकडे परत येऊ. शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ साली बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईत आले आणि १९५२पासून पुण्यात राहिले. ब्योमकेशच्या उत्तरार्धातल्या कथा मराठी मुलखात लिहिल्या गेल्या, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. 'सत्यान्वेषी' या कथेत ब्योमकेश खोटे नाव घेऊन कलकत्त्यातल्या एका मेसमध्ये येतो. खोली रिकामी नसते, म्हणून अजित त्याला आपल्या खोलीत जागा देतो. कथा संपताना ब्योमकेश अजितलाच आपल्या घरी राहायला बोलावतो, आणि तो जातो. सत्यवती नंतर येते. मुलगा होतो. अजित तिथेच असतो, त्याच घरात, अविवाहित. पुढे दोघे मित्र मिळून पुस्तकांचा धंदाही काढतात. होम्सच्या जगात बायकोला दूर सारावे लागले. शरदिंदूंनी तिला आत घेतले आणि मित्रालाही बाहेर काढले नाही. हे घर आपल्याला विचित्र वाटत नाही, कारण एकत्र कुटुंबात अविवाहित दिराची जागा तयारच असते. आत्याचा प्रश्न त्या जागेवरून आला होता, विद्यार्थ्याचा प्रश्न त्याच जागेखाली काय दबले आहे याविषयीचा होता.

मराठी रहस्यकथेत मात्र ही जागा जवळजवळ नाहीच. बाबुराव अर्नाळकरांचा धनंजय आणि त्याचा छोटू यांचे नाते नावातच ठरून गेले आहे. सत्यजित राय यांनी फेलूदाला सोबती दिला तो चुलतभाऊ. धाकटेपण किंवा रक्ताचे नाते आले की शंकेला दार उरत नाही. बरोबरीचे, परके, एका खोलीत राहणारे दोन पुरुष म्हटले की मराठीत शब्द येतो 'रूम पार्टनर'. नागपुरात भंडारा-गडचिरोलीहून शिकायला आलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. व. पु. काळे यांच्या 'पार्टनर'मध्ये हा शब्द मित्राला मारलेली हाक आहे. बिंदुमाधव खिरे यांच्या त्याच नावाच्या पुस्तकात तो समलिंगी तरुणाच्या आयुष्यातला जोडीदार आहे. दोन्ही पुस्तके ग्रंथालयात शेजारी ठेवली तर कोणते कोणत्या अर्थाचे, हे वेष्टनावरून कळू नये.

१९९८ साली सुरू झालेल्या 'सीआयडी'तील अभिजीत आणि दया यांच्यावर चाहत्यांनी हजारो कथा लिहिल्या. ज्या आम्ही वाचल्या त्यांत एक जखमी होतो आणि दुसरा उशाशी रात्र काढतो, बहुतेक वेळा भाऊ म्हणून. 'भाऊ' म्हटले की वाटेल तितके रडता येते. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी कृष्ण अर्जुनाला कवेत घेतो आणि हृदयातले हृदयात घालतो, तिथे तर असा परवानाही लागलेला नाही. तिथे प्रणय आहे असे आम्ही म्हणत नाही. दोन पुरुषांमधली इतकी उत्कटता मराठीला एके काळी अवघडवत नव्हती, एवढेच.

आमच्यात याबाबत एकमत नाही. एकाचे म्हणणे, प्रत्येक जिव्हाळ्याला प्रेमाचे नाव दिले तर मैत्रीचे स्वतःचे असे काय उरते? दुसरीचे म्हणणे, ज्यांना १८६०च्या दंडसंहितेतल्या ३७७व्या कलमाने ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत गुन्हेगार ठरवले, त्यांना ओळींच्या मधल्या जागेखेरीज दुसरे साहित्य मिळाले होते कुठे? त्या विद्यार्थ्याने नंतर त्या घटकावर एकही प्रश्न विचारला नाही. आम्ही त्याला अजितवर लिहायला सांगितले, उशिरा का होईना. त्याने लिहिलेल्या निबंधात प्रेमाचा उल्लेख एकदाच होता. बाकी सगळा निबंध एका गोष्टीवर होता, जी आमच्या नजरेतून सुटली होती: शेवटच्या काही कथांत शरदिंदूंनी अजितच्या हातून लेखणी काढून घेतली आणि कथन तृतीय पुरुषी केले. त्या कथांमध्ये ब्योमकेश तितकाच हुशार आहे, पण सिगारेट पेटवताना त्याच्याकडे कुणी पाहत नाही.