केल्यानंतर आणि करण्यापूर्वी

दिल्लीत अजमेरी दरवाजाजवळ तांबड्या दगडाची एक जुनी, प्रशस्त वास्तू उभी आहे. गाजीउद्दीनचा मदरसा तो हाच. १८२५ साली कंपनी सरकारने येथे दिल्ली कॉलेज स्थापन केले आणि पुढे तीन वर्षांनी, १८२८ मध्ये, इंग्रजीचा स्वतंत्र वर्ग काढला. १८४० नंतरच्या दशकात या कॉलेजच्या आश्रयाने इंग्रजी ग्रंथ उर्दूत उतरविण्याचे मोठे काम सुरू झाले. गणित, इतिहास, पदार्थविज्ञान अशा नाना विषयांचे ग्रंथ त्यात होते. ज्यांच्या गणिती ग्रंथाची दखल पुढे लंडनमधील डी मॉर्गन या विख्यात गणितज्ञाने घेतली, ते मास्टर रामचंद्र याच कॉलेजचे.

भाषांतर म्हटले की परिभाषेची अडचण सर्वांच्या ध्यानात येते. ऑक्सिजनला काय म्हणावे, भूमितीतील संज्ञा फारसीतून घ्याव्या की संस्कृतातून, यावर वाद झडतात. परंतु भाषांतरकाराचा खरा कस पुष्कळदा अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या शब्दांत लागतो. 'आफ्टर', 'बिफोर', 'बाय', 'फॉर', 'विदाऊट' हे ते शब्द. यांच्यापुढे क्रियापद आले की त्याला 'इंग' लागलाच पाहिजे, हा नियम आपण सर्वांनी शाळेत घोकला आहे. 'आफ्टर ईटिंग' म्हणावयाचे, 'आफ्टर टू ईट' म्हणावयाचे नाही. ज्या रेन आणि मार्टिनच्या व्याकरणातून कित्येक पिढ्यांनी हा नियम पाठ केला, त्यांतील रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते आणि पुढे कादंबरीकार म्हणून नावाजले. त्यांचे ते पुस्तक स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या एस. चंद या प्रकाशनसंस्थेकडून निघत आले आहे. नियम पाठ झाला, पण तो तसा का, हे मात्र बहुधा कोणी सांगितले नाही.

त्याचे उत्तर इंग्रजीच्या इतिहासात आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दोन निरनिराळे प्रत्यय होते. क्रियेचे नाम करावयाचे झाल्यास धातूला 'उंग' किंवा 'इंग' लागत असे, आणि 'करीत असलेला' अशा अर्थाचे विशेषण करावयाचे झाल्यास 'एंडे' लागत असे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतरच्या तीनचारशे वर्षांत इंग्रजीचे प्रत्यय झिजत गेले आणि ही दोन्ही रूपे एकाच 'इंग'मध्ये विलीन झाली. शब्दापूर्वी येणारे अव्यय नेहमी नामाशी बांधलेले असते. म्हणून त्याच्यापुढे क्रियापद आणावयाचे तर त्याला नामाचा वेष चढवावा लागतो, आणि तो वेष म्हणजे हा 'इंग'. जुन्या इंग्रजी गीतांत शिकारीला जाणे या अर्थी 'अ-हंटिंग' असे रूप आढळते. त्यातील 'अ' हा मूळच्या 'ऑन' या अव्ययाचा झिजून उरलेला अवशेष आहे. सगळ्या भाषा असे करीत नाहीत. फ्रेंच माणूस 'न बोलता' म्हणताना अव्ययापुढे क्रियापदाचे मूळ रूप बेलाशक ठेवतो. आपला विद्यार्थी 'लुकिंग फॉरवर्ड टू सी यू' असे लिहितो, तेव्हा तो मूर्खपणा करीत नसतो. 'टू' हा शब्द एके ठिकाणी क्रियापदाची नुसती खूण असतो आणि दुसऱ्या ठिकाणी खरे अव्यय असतो. या दोन भूमिकांत त्याची गल्लत होते, इतकेच.

'इंग'चा हा दुहेरी जन्म खुद्द इंग्रज वैयाकरणांनाही सुखाने झोपू देईना. १७६२ साली रॉबर्ट लौथ याने निर्णय दिला की 'बाय सेंडिंग देम' हे शुद्ध आणि 'बाय द सेंडिंग ऑफ देम' हेही शुद्ध, पण दोहोंची खिचडी अशुद्ध. म्हणजे शब्दाने एक तर पुरते क्रियापद असावे, नाही तर पुरते नाम. १७९५ मध्ये लिंडले मरे याने आपले इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध केले आणि लौथचाच मार्ग पुढे चालविला. मरेचे हे पुस्तक इंग्लंडात आणि अमेरिकेत अफाट खपले, आणि हिंदुस्थानातही येऊन पोचले.

येथे आपल्याला दिल्लीहून मुंबईस जावयाचे आहे. दिल्ली कॉलेजात इंग्रजीचा वर्ग नुकताच रुजला होता, त्याच काळात, १८३६ मध्ये, अवघ्या बावीस वर्षांच्या दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी मुंबईत आपले मराठी व्याकरण छापून काढले. त्यांच्यासमोर नमुना होता तो याच लिंडले मरेचा. इंग्रजीच्या मोजमापाने मराठीचा अंगरखा बेतण्याचा हा उद्योग होता. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्याची कसून परीक्षा केली, आणि १९११ मध्ये मोरो केशव दामले यांनी आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त या सर्व चर्चेचा विस्तृत परामर्श घेतला. परक्या चौकटीत आपली भाषा ठेवून पाहण्यात धोका होता हे खरे. पण त्या चौकटीत जे मावत नाही तेच आपले वैशिष्ट्य आहे, हेही त्यामुळेच दिसू लागले.

पहिला भेद उघड आहे. इंग्रजी अव्यय शब्दाच्या आधी येते, आपले शब्दयोगी अव्यय शब्दाच्या मागे चिकटते, आणि चिकटताना शब्दाचे सामान्यरूप मागते. 'घर'चे 'घरापूर्वी' होते, तसे 'करणे'चे 'करण्यापूर्वी'. येथवर दोन्ही भाषांचे तत्त्व एकच आहे, कारण क्रियापदाला नाम केल्याशिवाय अव्यय त्याला जवळ करीत नाही. दुसरा भेद मात्र अधिक खोल आहे. इंग्रजीत 'बिफोर डूइंग' आणि 'आफ्टर डूइंग' यांतील 'डूइंग' जागचे हलत नाही. आधी की नंतर हे सांगण्याचा सगळा भार एकट्या अव्ययावर असतो. मराठीत आपण 'करण्यापूर्वी' म्हणतो, पण 'करण्यानंतर' म्हणत नाही. तेथे 'केल्यानंतर' असेच म्हणावे लागते. जी क्रिया अजून व्हावयाची आहे तिला 'करण्या', आणि जी होऊन गेली तिला 'केल्या'. 'करणे'तील 'णे' हा संस्कृतातील 'करण', 'गमन' अशा नामांच्या वळणाचा आहे, आणि 'केल्या'तील 'ल' हा भूतकाळवाचक कृदंतातून उतरलेला आहे. दोघांच्या वाटा मुळापासूनच वेगळ्या.

याचा परिणाम किती दूरवर पोचतो पाहा. इंग्रजीतल्या एका 'फॉर'ला मराठीत दोन वाटा फुटतात. मदत केल्याबद्दल आपण आभार मानतो, आणि मदत करण्याबद्दल विनंती करतो. पहिल्या वाक्यात मदत हाती पडली आहे, दुसऱ्यात ती अजून मिळावयाची आहे. 'माफी मागितल्याशिवाय मी जाणार नाही' आणि 'माफी मागण्याशिवाय गत्यंतर नाही' या दोन वाक्यांत अव्यय एकच आहे, पण क्रियापदाचे रूप बदलताच अर्थ बदलतो. पहिल्यासाठी इंग्रजीला 'विदाऊट' लागेल, दुसऱ्यासाठी बहुधा 'एक्सेप्ट' किंवा 'बट'. कित्येकदा तर अव्ययाचीच गरज उरत नाही. 'बाय रीडिंग'ला आपण नुसते 'वाचून' म्हणतो आणि मोकळे होतो. हा 'ऊन' महाराष्ट्री प्राकृतापासून आपल्याकडे चालत आलेला आहे.

द्वारकानाथ रघोबा तर्खडकर यांची 'भाषांतर पाठमाला' ज्यांनी गिरविली आहे, त्यांनी हे सर्व न कळत आत्मसात केले. (दादोबांचे आणि त्यांचे आडनाव एक असल्याने पुष्कळ जण दोघांना एकच समजतात, ते बरोबर नाही.) मराठी वाक्य वाचावे, त्याचे इंग्रजी करावे, इंग्रजी वाचावे, त्याचे मराठी करावे, असा तो रोजचा व्यायाम. त्यात विद्यार्थी इंग्रजी तर शिकलाच, पण आपल्या भाषेत कोठे एक शब्द पुरतो आणि कोठे दोन लागतात, याची जाणही त्याला आली.

आता पुन्हा दिल्लीस येऊ. दिल्ली कॉलेजच्या उर्दू लिहिणाऱ्या भाषांतरकारांना ही अडचण फारशी जाणवली नसावी, कारण हिंदी-उर्दूत 'करने से पहले' आणि 'करने के बाद' अशी दोन्हीकडे एकच 'करने' चालते. 'किए बिना' यासारखी काही रूपे सोडली, तर तेथील वळण इंग्रजीला जवळचे आहे. म्हणूनच दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या तोंडी 'जेवण्यानंतर खेळू' असे वाक्य सहज येते. घरातील आजी 'जेवल्यानंतर' म्हणून दुरुस्त करते. मूल क्षणभर थांबते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'जेवण्यानंतर' म्हणते. त्याची चूक मोठी नाही. अर्थ पोचतो. परंतु झालेले आणि व्हावयाचे यांना निरनिराळ्या कप्प्यांत ठेवण्याची जी सवय भाषेने त्याला जन्मतः देऊ केली होती, ती त्याच्या हातून निसटत असते.

हा प्रश्न घरापुरता राहत नाही. आकाशवाणीच्या दिल्लीतील वृत्तविभागातून अनेक दशके मराठी बातमीपत्र प्रसारित होत असे. समोर इंग्रजी मजकूर, हातात वेळ मिनिटांचा. 'अरेस्टेड फॉर ब्रेकिंग द लॉ' असे शब्द आले, तर मराठीत काय लिहावे? 'कायदा मोडल्याबद्दल अटक' असे लिहिले की कायदा मोडला गेला, असे आपण आपल्या तोंडाने सांगून टाकले. इंग्रजीतील 'ब्रेकिंग' काळाच्या बाबतीत मौन पाळू शकते, मराठी क्रियापदाला ते मौन परवडत नाही. म्हणून जबाबदार भाषांतरकार 'कायदा मोडल्याच्या आरोपावरून' असे लिहितो. ते तीन अक्षरांचे 'आरोप' इंग्रजी मजकुरात कदाचित नसेल. पण ते लिहिले नाही, तर न्यायालयात उभे राहण्यापूर्वीच एखाद्या माणसाला दोषी ठरविल्यासारखे होईल.

इंग्रजीचे अव्यय आपल्या मुलांनी बिनचूक शिकावे, त्यात कसूर करू नये. त्याचे 'इंग' का येते याचा इतिहास त्यांना सांगितला, तर घोकंपट्टीचे ओझेही हलके होईल. पण ते शिकविताना त्याच फळ्यावर शेजारी 'करण्यापूर्वी' आणि 'केल्यानंतर' ही आपली जोडीही लिहून दाखवावी. दादोबांनी परक्या व्याकरणाच्या आरशात मराठीचा चेहरा पाहिला, त्याला दोन शतके होत आली. दिल्लीतील त्या आजीला दादोबांचे नाव ठाऊक असेलच असे नाही, पण नातवाचे 'जेवण्यानंतर' दुरुस्त करताना ती त्यांचेच काम पुढे चालवीत असते.