चौदा जण मागे, एक पुढे

२००३च्या ऑगस्टमध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर टायरोन या आयरिश काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) संघाने केरी काउंटीच्या संघाला हरवलं, तेव्हा टीव्हीवर विश्लेषणाला बसलेले पॅट स्पिलेन खवळले. हा ओकारी आणणारा फुटबॉल आहे, म्हणाले. स्पिलेन स्वतः केरीचे, आठ ऑल-आयर्लंड अजिंक्यपदं मिळवलेले. टायरोनला तोवर एकही मिळालं नव्हतं. आपल्या माणसांना मैदानात श्वास घेऊ दिला नाही याचा राग मोठ्या घराला येणारच. पण त्या दिवसाने गेलिक फुटबॉलला एक वाद दिला, तो पुढे वीस वर्षं चालला. वादाचं नाव ‘ब्लँकेट डिफेन्स’: जवळजवळ सगळा संघ मागे ओढून केलेला बचाव.

गेलिक फुटबॉल हा आयर्लंडचा घरचा खेळ. १८८४ साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली, तिच्या छत्राखाली तो वाढला. मैदान आपल्या ओळखीच्या फुटबॉलपेक्षा बरंच मोठं, १३० ते १४५ मीटर लांब. चेंडू हातातही घेता येतो. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून खांबांमधून गेला तर एक गुण. धावफलकावर दोन्ही वेगळे लिहितात, आधी गोल, मग गुण. १९१३पासून दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू: गोलरक्षक, सहा बचावाला, दोन मध्याला, सहा आघाडीला. सहांसमोर सहा उभे, ज्याने त्याने आपला गडी धरायचा.

ही मांडणी दिसायला न्यायाची, प्रत्यक्षात बलवानांच्या सोयीची. झुंज एकास एक असेल तर ज्याच्याकडे सरस गडी, तोच जिंकणार. इथे खेळाडूला पगार नाही आणि त्याची खरेदी-विक्रीही नाही. तो आपल्या काउंटीकडून खेळतो. दोन चांगले आघाडीवीर कमी पडले तर ते विकत आणायची सोय नाही, ते गावात जन्मावे लागतात. २०११च्या जनगणनेत डब्लिनची वस्ती साडेबारा लाखांवर होती, डोनेगॉलची जेमतेम एक लाख साठ हजार. केरी लोकसंख्येने लहान, पण तिथे फुटबॉल हाडीमासी खिळलेला. आजवरच्या अजिंक्यपदांपैकी निम्म्याच्या आसपास केरी आणि डब्लिन या दोघांनीच नेली आहेत. बाकीच्यांनी करायचं काय?

उत्तर नियमांतच दडलेलं होतं. या खेळात कुणी कुठे उभं राहायचं याचं बंधन नव्हतं. म्हणजे आघाडीचे सहाही गडी मागे आणून बचावाला लावले तरी कुणी हरकत घेऊ शकत नव्हतं. दुसरं, चेंडू हातात घेऊन चारच पावलं टाकता येतात. मग तो जमिनीवर आपटायचा किंवा पायाने हलकेच उडवून परत हातात घ्यायचा. सलग दोनदा आपटायची मुभा नाही. अडवणाऱ्यालाही मोकळीक नाहीच: अंगाला धरायचं नाही, ढकलायचं नाही, खांद्याला खांदा भिडवायचा, नाहीतर उघड्या पंजाने चेंडू उडवायचा. एकट्याच्याने हे क्वचितच जमतं. पण चौघांनी घेरलं, तर चेंडूवाल्याला तो आपटायला वीतभर जागा उरत नाही. पास द्यायला माणूस दिसत नाही. पाचवं पाऊल पडतं आणि पंच शिट्टी फुंकतो. कबड्डीत साखळी चढाईवाल्याला कोपऱ्यात नेते, तसाच हा प्रकार. फक्त इथे साखळी वाऱ्यासारखी धावत हवी. म्हणून याला आळशी बचाव म्हणणाऱ्यांनी तो एकदा सत्तर मिनिटं करून पाहावा.

तिसरी गोष्ट भूमितीची. खांबांपासून चाळिसेक मीटरपलीकडून, त्यातही मैदानाच्या कडेवरून, चेंडू दांडीवरून घालणं भल्याभल्यांना जड जातं. तेव्हा मधली जागा माणसांनी भरून टाकायची आणि समोरच्याला कडेला ढकलत राहायचं. मारू दे तिथून.

मिकी हार्ट यांच्या टायरोनने २००३मध्ये हे केलं. केरीला उपांत्य सामन्यात अवघे सहा गुण मिळाले, टायरोनला तेरा. त्या सामन्यातला एक तुकडा अजून दाखवतात: केरीचा गडी चेंडू घेऊन वळतो, पांढऱ्या जर्सींचा थवा त्याच्यावर येतो, तो सुटतो तर दुसरा थवा, तिथून पास निघतो तर तिसरा. शेवटी चेंडू टायरोनच्या हातात. पुढे अंतिम सामन्यात टायरोनने आदल्या वर्षीच्या विजेत्या अर्माला नमवून पहिलं अजिंक्यपद घेतलं. २००५ आणि २००८मध्ये अंतिम फेरीत पुन्हा केरीलाच हरवलं.

टायरोनने घेराव शिकवला. त्याची पक्की यंत्रणा केली ती डोनेगॉलच्या जिम मॅकगिनेस यांनी. ते ग्लेंटीज गावचे. १९९२मध्ये डोनेगॉलने डब्लिनला हरवून पहिलं अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा विशीच्या आतला हा पोरगा संघाच्या चमूत होता. प्रशिक्षक म्हणून २०१०मध्ये त्यांनी डोनेगॉलचा एकवीस वर्षांखालील संघ अंतिम फेरीत नेला आणि डब्लिनकडून थोडक्यात हरले. त्या डब्लिन संघाचे प्रशिक्षक होते जिम गॅविन. ही नावांची जोडी लक्षात ठेवावी.

२८ ऑगस्ट २०११. उपांत्य सामना, समोर डब्लिन. मॅकगिनेस यांनी आघाडीला एकट्या कॉलम मॅकफॅडनला ठेवलं आणि बाकी सगळे स्वतःच्या अर्ध्यात ओढले. डब्लिनचे खेळाडू चेंडू घेऊन येत, समोर गर्दी बघून थबकत, मागे देत, पुन्हा येत. मध्यंतराला डोनेगॉल चार, डब्लिन दोन. प्रेक्षक हुर्यो करू लागले. शेवटी डब्लिनने ०-८ विरुद्ध ०-६ असा सामना खेचला आणि त्याच वर्षी, सोळा वर्षांच्या खंडानंतर, अजिंक्यपदही मिळवलं. स्पिलेन पुन्हा तापले, आणि या वेळी त्यांची भाषा छापण्यासारखी नव्हती.

मला मात्र त्या सामन्यातली चूक वेगळी दिसते. चेंडू हिसकावल्यावर तो पुढे न्यायला डोनेगॉलकडे पायच उरले नव्हते. मॅकगिनेस यांनाही ते दिसलं असावं, कारण २०१२मध्ये त्यांचा संघ मागे तितक्याच संख्येने जमला, पण चेंडू हाती येताच चार-पाच जण उधळल्यासारखे पुढे धावू लागले. मेयोला २-११ विरुद्ध ०-१३ हरवून डोनेगॉल अजिंक्य ठरलं.

या पद्धतीचं सोनं झालं ते २०१४च्या ऑगस्टमध्ये, डब्लिनशी पुन्हा गाठ पडली तेव्हा. डब्लिन आता गॅविन यांचं होतं, गतविजेतं, कुणाला न आवरणारं. सुरुवातीला त्यांनी लांबूनच गुण मारत पाचाची आघाडी घेतली. भूमितीच चुकली की काय, असं वाटलं. पण डब्लिनचे बचावपटूही हल्ल्यात उतरले होते, घर उघडं होतं. रायन मॅक्ह्यूने दोन गोल केले, मॅकफॅडनने एक. ३-१४ विरुद्ध ०-१७. गॅविन २०१३ ते २०१९ डब्लिनचे प्रशिक्षक होते. त्या काळात अजिंक्यपद स्पर्धेतला त्यांचा हा एकमेव पराभव.

गॅविन शिकले. कीअन ओसलिव्हनला बचावाच्या मध्यावर राखणीला ठेवलं, हल्ल्यात मैदानाची रुंदी वापरली आणि भिंतीला भोक पडेपर्यंत चेंडू इकडून तिकडे फिरवत राहिले. २०१७च्या उपांत्य सामन्यात टायरोनचा तोच जुना बचाव डब्लिनने २-१७ विरुद्ध ०-११ असा फाडला. तोवर मात्र लहानमोठे सगळेच संघ मागे जमू लागले होते. एक संघ भिंत बांधून उभा, दुसरा तिच्यासमोर मिनिटामिनिटाला हातपास करत ताटकळलेला. टायरोनबद्दल स्पिलेन चुकले होते. या अवस्थेबद्दल तेच बोलले असते तर मी मान डोलावली असती. दुबळ्याच्या हातात होती तोवर ही युक्ती होती. बलवानांनीही उचलली तेव्हा खेळच थांबला.

मग असोसिएशनने नियम तपासायला समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर जिम गॅविन. २०२५च्या मोसमापासून नवे नियम लागू झाले: प्रत्येक संघाचे किमान तीन गडी कायम समोरच्यांच्या अर्ध्यात हवेत, आणि चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या गुणाला दोन गुण. पहिल्या नियमाने भिंतीतली माणसं काढली, दुसऱ्याने तिची भूमिती मोडली. चौदा मागे, एक पुढे ही मांडणी आता नियमबाह्य आहे.

त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात केरीसमोर डोनेगॉलच उभं होतं, आणि २०२४पासून त्याचे प्रशिक्षक पुन्हा मॅकगिनेसच होते. केरी १-२६, डोनेगॉल ०-१९.