डिक्कीच्या दारातल्या तारा

अहेरी–गर्देवाडा एसटी सुरू झाली 1 जानेवारी 2025 रोजी. एटापल्ली तालुक्यातल्या या टोकाला स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच बस पोचली. त्याच्या आधीच, 2023 मध्ये, टाटांच्या हॅरियरला बटणावर उघडणारी डिक्की मिळाली होती. इतिहास सगळीकडे एकाच क्रमाने येत नाही, तो असा.

जुन्या जीपच्या वायरिंगचा हिशेब सोपा होता. बॅटरी, फ्यूज, बटण, दिवा. परतीची वाट म्हणजे चॅसी. एक काम, एक तार. टेस्ट लॅम्प लावला की दोष कुठे ते कळायचं, आणि मिस्त्रीची विद्या त्या दिव्याएवढीच स्वस्त होती. पुढे गाडीत यंत्रं वाढली. त्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून बॉशने 1983 मध्ये काम सुरू केलं आणि फेब्रुवारी 1986 मध्ये डेट्रॉइटला ‘कॅन’ ही पद्धत मांडली. पीळ दिलेल्या दोन तारा, त्यांवर सगळ्यांचे निरोप. तारा वाचल्या हा जोडनफा.

डिक्कीचं मोड्यूल याच घराण्यातलं. त्याच्या कनेक्टरमध्ये जाड पिना मोटरच्या करंटसाठी आणि अर्थसाठी, बारीक पिना लॅचच्या स्विचसाठी आणि मोटरचे फेरे मोजणाऱ्या हॉल सेन्सरसाठी, आणि बहुधा कॅनची ती जोडी. फेरे अडखळले की दारात कुणाचा हात आहे असं समजून मोड्यूल दार उलटं फिरवतं. गंमत अशी की अर्थची पिन गंजली, तरीही दार असंच भलतं वागू शकतं.

खरी नाजूक जागा वेगळीच. छताकडून दारात जाणाऱ्या तारा बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जातात आणि दर उघडझापीला वाकतात. वरचं आवरण शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. सुरजागडच्या रस्त्यावरची लाल धूळ आणि इथला पावसाळा कनेक्टरच्या सैल झालेल्या सीलमधून आत शिरले, तर हिरवा गंज चढायला वेळ लागत नाही.

इथे जुना टेस्ट लॅम्प घातक ठरतो. तो ओढतो तेवढा करंट बारीक सर्किटला सोसत नाही. पण म्हणून विद्या कंपनीच्या स्कॅनरवालीच, हे मला पटत नाही. साध्या मल्टिमीटरने बरंच कळतं. बॅटरी काढून कॅनच्या दोन तारांमध्ये मोजलं तर बहुतेक गाड्यांत साधारण 60 ओहम येतात, कारण दोन टोकांना 120-120 ओहमचे रोध असतात. 120 आले तर एक टोक तुटलं. अडतं ते नकाशापाशी: कुठली पिन कशाची, हे सांगणारा कागद इंग्रजीत असतो, आणि सहसा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरातच राहतो.