शेडमाके, बाबूराव पुल्लेसूर

(१२ मार्च १८३३ – २१ ऑक्टोबर १८५८). चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या मुलखात, १८५८ साली इंग्रजांविरुद्ध सशस्त्र उठाव करणारे गोंड सेनानी व मोलमपल्लीचे जमीनदार. तोफा नाहीत, कवायती पलटण नाही, पाठीशी एखादा बळकट किल्लाही नाही, अशा स्थितीत त्यांनी डोंगर आणि जंगल यांच्या आधारावर कंपनी सरकारशी लढा दिला. मध्य भारतातील आदिवासी प्रतिकाराच्या इतिहासात त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

पूर्वायुष्य : त्यांचा जन्म आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यात किष्टापूर येथे राजगोंड घराण्यात झाला. वडील पुल्लेसूरबापू, आई जुर्जाकुंवर. घराण्याकडे मोलमपल्लीची २४ गावांची जमीनदारी होती. गोटुल या गोंड तरुणांच्या सामूहिक शिक्षणगृहातील संस्कार, शिकार आणि शस्त्रविद्या यांबरोबरच रायपूरला त्यांना इंग्रजी शिक्षणही मिळाले. राज्यकर्त्यांची भाषा जाणणारा आणि रानातल्या पायवाटाही ठाऊक असलेला असा हा तरुण जमीनदार होता.

पार्श्वभूमी : २० मे १८१८ रोजी कर्नल ॲडम्सच्या इंग्रज फौजेने तोफांनी तटाला खिंडार पाडून नागपूरच्या भोसल्यांचे चांदा शहर जिंकले. किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. तरी हा मुलूख भोसल्यांच्या राज्यातच राहिला. पुढे नागपूरचे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये औरस वारसाविना वारले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि त्याबरोबर चांदाही थेट इंग्रजी अंमलाखाली आला. गोंड राजवटीपासून चालत आलेल्या जमीनदाऱ्यांवर आता डेप्युटी कमिशनरची हुकमत सुरू झाली. तीन-चार वर्षांतच उत्तर हिंदुस्थानात १८५७ चा वणवा पेटला आणि त्याची झळ वैनगंगा-प्राणहितेच्या खोऱ्यालाही लागली.

उठाव : २४ सप्टेंबर १८५७ रोजी बाबूरावांनी जंगोम दल ही सशस्त्र तुकडी उभारली. प्रारंभी तीत सुमारे पाचशे आदिवासी तरुण होते. पुढे रोहिले पठाणही येऊन मिळाले. ७ मार्च १८५८ रोजी त्यांनी राजगड परगण्यावर हल्ला करून तो ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने फौज धाडली. १३ मार्चला नांदगाव-घोसरी येथे चकमक झाली आणि तीत इंग्रजांना माघार घ्यावी लागली.

यानंतर बाबूरावांनी गढीसुर्ल्याच्या डोंगरावर मोर्चा बांधला. २० मार्चच्या सुमारास फौजेने डोंगराला वेढा घातला. शिपाई चढणीला लागले तसे वरून मोठमोठे धोंडे त्यांच्यावर लोटण्यात आले. उतारावरून गडगडत येणाऱ्या धोंड्यांपुढे रांगा मोडल्या, बंदुका निरुपयोगी ठरल्या आणि हल्ला फसला. १९ एप्रिलला सगणापूर व २७ एप्रिलला बामणपेठ येथेही चकमकी झडल्या.

२९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. त्यात गार्टलँड व हॉल हे दोघे कर्मचारी मारले गेले. पीटर हा तिसरा निसटला आणि क्रिक्टनकडे पोहोचला. युद्धकाळात तारेला मोठे लष्करी मोल होते. साहजिकच या घटनेनंतर सरकारने बंडाचा बीमोड करण्यासाठी सारी ताकद लावली.

अटक व फाशी : रानात बाबूरावांना गाठणे फौजेला जमेना, तेव्हा क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. लक्ष्मीबाईंच्या माणसांनाही याच पायवाटा आणि हीच गावे परिचित होती. १८ सप्टेंबर १८५८ रोजी भोपालपट्टणमकडील भागात बाबूराव त्यांच्या हाती लागले. चांद्यात खटला चालला आणि २१ ऑक्टोबरला तेथील तुरुंगाच्या आवारातील पिंपळाला त्यांना फाशी देण्यात आले. त्यांचे वय तेव्हा अवघे २५ होते. फासाचा दोर पुन्हापुन्हा सुटला, अशी कथा गोंड समाजात सांगितली जाते. व्यंकटराव बस्तरमध्ये गेले. १८६० मध्ये त्यांनाही अटक झाली, जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांची मालमत्ता जप्त करण्यात आली. लक्ष्मीबाईंना बाबूरावांना पकडून दिल्याबद्दल अडपल्ली-घोटमधील गावे मिळाली.

मूल्यमापन : १८१८ साली चांद्याचा भक्कम परकोट तोफांपुढे टिकला नाही. चाळीस वर्षांनी बाबूरावांनी तटामागून लढण्याचे टाळले. डोंगरावर शत्रूला चढू द्यायचे, उतारावर त्याची फळी मोडायची, जंगलातून पुढच्या ठिकाणी सरकायचे आणि त्याच्या दळणवळणावर घाव घालायचा, असे त्यांचे युद्धतंत्र या लढायांतून दिसते. अवजड तोफा आणि कवायती रांगा यांचा जोर साग-बांबूच्या रानात व चढणीवर ओसरतो, हे त्यांनी नेमके हेरले होते. मात्र या तंत्राची सारी भिस्त आसपासच्या गावांवर आणि जमीनदाऱ्यांच्या पाठिंब्यावर होती. अहेरी विरोधात गेली आणि जंगलाचा आसरा तुटला. त्यांचा पराभव फौजेच्या बळापेक्षा या फुटीने अधिक घडवला.

उघडी लढाई मोजके महिनेच चालली, म्हणून अनेक इतिहासग्रंथांत तिचा ओझरताच उल्लेख आढळतो. हा अन्याय आहे. १८५७-५८ च्या संग्रामाचा नकाशा झाशी-कानपूरपाशी संपत नाही. तो गढीसुर्ला व चिंचगुंडीपर्यंत पोहोचतो आणि तिथे लढणारे लोक आपल्या जमिनीचा व जंगलाचा हक्क राखण्यासाठी लढत होते.

स्मृती : चंद्रपूरच्या कारागृहातील पिंपळापाशी दरवर्षी २१ ऑक्टोबरला आदिवासी समाज मोठ्या संख्येने अभिवादनासाठी जमतो. १२ मार्च २००९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. चंद्रपूर-गडचिरोलीत त्यांचे पुतळे व त्यांच्या नावाचे चौक आहेत आणि जल-जंगल-जमिनीच्या आजच्या चळवळीतही त्यांचे नाव आदराने घेतले जाते.